शेटांचा उजवा हात

"बघा हो, तुम्हाला काय दिसतंय?" असं म्हणून शेट आपला उजवा हात समोरच्याच्या नाकाशी नेत. समोर कोण आहे याला महत्त्व नव्हतं. बांगडी सैल करून घ्यायला आलेली बाई असो की नुसता पत्ता विचारायला थांबलेला माणूस. तो बिचारा गोंधळून तळहातावरच्या रेषा बघायला लागे.

"रेषा नाय हो! अंगठ्याच्या बुडाशी बघा."

तिथे सूज असायची आणि अंगठा नि पहिलं बोट यांच्या बेचक्यात एक लाल ओरखडा. "सुजलंय," असं तो माणूस म्हणाला की शेट हात मागे घेत. "सुजलंय ते मलाही दिसतंय. येवढंसं ते पिस्तूल, आणि हात मात्र हत्तीने तुडवल्यासारखा. काय समजत नाय बुवा."

हे शेट म्हणजे रत्नागिरीतल्या आमच्या आळीतले सोनार. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून होतं. दोघेही डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान घालून बसणारे, त्यामुळे आमचं बरं जमे. नथ करावी तर शेटांनी, असं मांडवीपासून पार दापोलीपर्यंतच्या बायका म्हणत. सोन्याच्या केसाएवढ्या तारेत ते मोती ओवायला बसले की मी माझं काम थांबवून बघत राही. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या हातात पिस्तूल शोभतं का?

पण ऐंशीनंतरची ती वर्षं. शेजारच्या तालुक्यात एका सराफाच्या घरात चोर शिरले आणि त्याला बांधून घालून सगळं घेऊन गेले. शेटांच्या घरी एकुलती एक मुलगी लग्नाची होती, तिचं सोनं कपाटात होतं. शेटांची झोप उडाली. खटपट करून त्यांनी परवाना मिळवला आणि मुंबईहून एक जुनं, परदेशी बनावटीचं पिस्तूल आणलं. तळहातात मावेल एवढं. मोठं घेतलं तर झेपायचं नाही म्हणून मुद्दाम लहान घेतलं, असं त्यांनी मला मोठ्या हुशारीने सांगितलं.

चालवायला शिकवलं आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी. रविवारी सकाळी पोलिसांच्या गोळीबाराच्या मैदानावर, रीतसर परवानगी काढून. हौस म्हणून मीही जात असे. पहिला बार निघाला आणि शेट स्वतःच दोन पावलं मागे सरकले. समोरचा पुठ्ठ्याचा माणूस जागच्या जागी सुखरूप.

"अवो शेट, आवळू नका वो येवडा!" सुभेदार ओरडले. "दागिना धरताव तसा धरा."

"तसाच तर धरलाय," शेट म्हणाले. "आमच्या धंद्यात वस्तू हातातून सुटली तर संपलंच ना!"

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावून सांगितलं की पिस्तूल जितकं लहान तितका त्याचा दणका हाताला जास्त, शिवाय मूठ अशी वर सरकवून धरली तर मागे येणारा लोखंडी भाग बेचक्याला खरवडून जातो. शेटांनी मान डोलावली आणि पुढच्या बाराला पुन्हा तसंच धरलं. दर सोमवारी मग हात बघायचा कार्यक्रम.

आळीने उपचारांत काही कमी केलं नाही. समोरच्या हॉटेलवाल्याने मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवायला लावला. शेटांच्या मंडळी आंबेहळदीचा लेप लावत आणि लावता लावता तोंडाचा पट्टाही चालवत. "कोणी सांगितलंन होतं बंदुका आणायला? चोर यायचे तेव्हा येतील, हात मात्र आजच गेला!" कोणी तेल चोळलं, त्याने सूज वाढली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हाताला विश्रांती द्या."

"कुठल्या कामापासून?" शेटांनी विचारलं. "पिस्तुलापासून की नथीपासून?"

"दोन्हींपासून."

इथे खरा घोटाळा होता. मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. तिची नथ मी स्वतःच्या हाताने करणार, असं शेट ती पाळण्यात असल्यापासून सांगत आले होते. मोती कधीचे निवडून ठेवलेले. आता चिमटा धरला की अंगठा थरथरे आणि मोती घरंगळून जाई. मोती जमिनीवर शोधत शेट रांगायचे आणि मी माझ्या दुकानातून बॅटरी घेऊन जायचो. सोन्यासाठी पिस्तूल आणलं आणि पिस्तुलापायी सोन्याचं काम बसलं. मी म्हटलं, "शेट, देऊन टाका ते." ते म्हणाले, "आणि चोर आले तर?" मी म्हटलं, "मग हात बरा करा." ते म्हणाले, "आणि हात बरा करून चोर आले तर?"

त्याच सुमारास निवडणूक लागली. अशा वेळी परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. शेटांनी हुकूम निघायच्या आधीच पिस्तूल नेऊन दिलं. आम्हाला हायसं वाटलं. म्हटलं, आता हाताला आराम पडेल, नथ होईल.

पण झालं भलतंच. त्या दिवसापासून शेटांनी उपचारच बंद केले. लेप धुऊन टाकला. डॉक्टरांच्या गोळ्या तशाच पुडीत. मी चौकशी केली की हात धोतराआड. गिऱ्हाइकाला हात दाखवणंही थांबलं. निवडणूक होऊन गेली, पिस्तूल घेऊन जा म्हणून ठाण्यातून दोनदा निरोप आला, शेट गेले ते परवाना रद्द करायचा अर्ज घेऊनच. आणि मुलीची नथ त्यांनी पुण्याच्या एका सराफाकडून विकत आणली. सगळी आळी चक्रावली. मुलगी तर नथ बघून आत निघून गेली. मला त्या दिवशी शेटांचा फार राग आला. दुसऱ्यांच्या लेकींसाठी आयुष्यभर नथी केल्या आणि स्वतःच्या लेकीला विकतची?

लग्न पार पडलं. मुलगी सासरी गेली. नंतर एका संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर आम्ही दोघे बसलो होतो, तेव्हा मी तोंडावरच विचारलं.

शेट पाण्याकडे बघत म्हणाले, "निवडणुकीआधीची गोष्ट. दिवेलागणीला वीज गेली होती. ही देवळात गेलेली. पोर आत्याकडे, ती उद्या यायची होती. मी एकटा. मागील दाराची कडी वाजली. मी पिस्तूल काढलं. दार ढकलून कोणीतरी आत आलं आणि मी दाबलं हो. खरंच दाबलं."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"पण चाप पुरता दबायच्या आत अंगठ्यातून अशी कळ गेली की हातच सुटला. पिस्तूल खाली तांदळाच्या पोत्यावर पडलं. आणि अंधारातून पोर म्हणते, 'बाबा, काय पडलं हो?' एक दिवस आधी आली होती."

शेटांनी तो हात माझ्यापुढे धरला. अंगठा अजून सुजलेलाच होता.

"या दुखण्याने माझी पोर वाचवलीन. त्याला औषध लावून घालवू? आणि हाच हात तिच्यावर उचलला होता मी. याच हाताने तिची नथ करू? काय समजत नाय बुवा. तुम्हाला काही समजतंय?"

मला नव्हतं समजत. आजही नाही. त्या हाताला शिक्षा द्यावी की त्याच्या पाया पडावं, असल्या पेचात सापडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तिला कधी सांगू नका, एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी त्यांचा तो सुजका हात तेवढा हातात घेऊन बसलो.

शेट जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलवाला आहे. मुलगी आंब्याच्या दिवसांत माहेरी येते, तिचेही केस पिकलेत. आली की माझ्याकडे डोकावते. गेल्या खेपेला बोलता बोलता एकदम थांबली.

"काका, एक विचारू? बाबांनी साऱ्या गावाच्या नथी केल्या. माझीच का नाही केली हो? माझं काही चुकलं होतं का?"

"नाही गं," मी म्हणालो. "हात दुखत होता त्यांचा."

"हे आईपण सांगायची," ती म्हणाली आणि पिशवी उचलून जायला निघाली. ती पायरीपर्यंत गेल्यावर मी तिला हाक मारली.

"खरंच सांगतो, पोरी. फार दुखत होता."

ती माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. विश्वास काही तिचा बसला नाही.