दामूने जगवलेला कान

दामू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चरफडत होते. फ्रीजमधल्या बाटल्यांवर त्याने पुन्हा ‘बोंबील’ आणि ‘सुरमई’ असं लिहून ठेवलं होतं. मऊ जेल म्हणजे बोंबील, घट्ट ती सुरमई. उरणच्या मासळीवालीचा हा हुशार मुलगा पनवेलच्या आमच्या प्रयोगशाळेत माझा सहकारी होता, आणि पाहुण्यांनाही तो हीच नावं सांगायचा. फोनवर त्याची बायको सुरेखा होती. “ताई, ते सकाली उठलेच नाय…”

जिवंत पेशी जेलमध्ये मिसळायच्या आणि यंत्राच्या सुईतून थरावर थर सोडून कान छापायचा, हे आमचं काम. जेल घट्ट केली तर आकार सुरेख उभा राहतो, पण सुईतून ढकलायला जोर लागतो आणि पेशी मरतात. मऊ ठेवली तर पेशी जगतात, पण आकार ढासळतो. मधलं मिश्रण शोधण्यात आमची वर्षं गेली. आणि हा गृहस्थ मोजायचं यंत्र सोडून हातमोज्यातल्या बोटाने जेल दाबायचा, मासळी ताजी आहे का बघतात तशी. खड्डा भरून आला की स्वारी खूश! “अहवालात काय लिहू? बोट?” मी ओरडायचे. “लिवा ना ताई.”

निधी देणारे पाहणीला आले त्या दिवशी तर त्याने कहरच केला. सुरमई भरायचं ठरलं होतं, याने बोंबील भरली. सगळ्यांसमोर कान पसरून घावनासारखा झाला. निधी गेला. “सुरमईत पेशी मरत व्हत्या, ताई. मेलेला कान दाखवून काय करू?” “फेकून दे तो,” एवढंच मी म्हणाले. पुढचे दोन महिने मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. याची मला लाज वाटते, आणि रागही अजून गेलेला नाही.

फोन आला त्याच दिवशी, शनिवारी, मी उरणला गेले. रडता रडता सुरेखा मध्येच थांबली. “उद्या रविवार हाय. त्यांच्या कानाला खायला कोन घालील?”

मला काही कळेना. संध्याकाळी प्रयोगशाळेत परत येऊन पेशी उबेत ठेवायचा इनक्युबेटर उघडला. तो पसरलेला कान खालच्या फळीवर होता. पेशींचं खाद्यद्रव दर दोन दिवसांनी बदलावं लागतं. सुट्टीतही एसटीने येऊन दामू ते बदलत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जिवंत दिसल्या.

आता दर रविवारी मी जाते, वैतागत. परवा द्रव बदलताना त्या कानापुढे बसून मोठ्याने म्हटलं, “दामू, चुकलं माझं.” दोन महिने वेळ होता, तेव्हा म्हटलं नाही.