हसून डोकं उडवणारा

पेणहून कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा फिटर इंग्रजीत हसायचा. कुणी साधा विनोद केला तरी म्हणायचा, “आय लाफ्ड माय हेड ऑफ!” वर समजावायचा, “म्हंजे हसून हसून डोकंच उडालं.” ड्रायव्हरने ब्रेक दाबला की त्याचं काळीज तोंडात यायचं, तेही इंग्रजीत. सगळी बस त्याला हसायची, मीसुद्धा.

परवा बस वडखळला पोचली तेव्हा बायकोचा फोन आला. रिपोर्ट मिळाला होता, तिच्या छातीतली गाठ साधीच निघाली. मी फिटरला सांगितलं आणि आता काय उडतंय म्हणून वाट पाहिली. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि माझा हात घट्ट धरला. नागोठणे आलं तेव्हा म्हणाला, “वयनी जेवली का नाय, इचार तिला.”