तळ्यातल्या कर्दळीला युरिया

आमच्या मळ्याखालच्या तळ्यावर कायम हिरवा तवंग असायचा. वरच्या कांद्याच्या वावरांतलं खत पाण्याबरोबर तिथंच उतरतं. शेजारच्या मेंढपाळाने तिथं मेंढरांना पाणी पाजणं सोडलं होतं. भर उन्हात त्यांना पार ओढ्यापर्यंत हाकत न्यायचा.

कर्दळ पाण्यावर तरंगती लावली की तिची मुळं ते खत ओढून घेतात, असं माझ्या वाचनात आलं. आळेफाट्याच्या हॉटेलांतून तेलाचे रिकामे कॅन आणले, वर बांबू बांधले, बांबूंच्या फटींत कर्दळी खोचल्या आणि ते तराफे तळ्यात सोडले. लोक म्हणाले, "राव, तळ्यात बाग लावताय व्हय?" मी ऐकून घेतलं, पण मनातून त्यांना अडाणी ठरवून टाकलं.

थंडी सरता सरता पाणी निवळलं, काठाजवळचा तळ दिसायला लागला. कर्दळी पिवळ्या पडल्या, तेव्हा तर मी फुगलोच. पाण्यातलं खत संपलं, म्हणून त्यांची उपासमार! मेंढपाळाला म्हणालो, "आणा मेंढरं."

तो मेंढरं घेऊन आला, त्याच वेळी माझी आई गुडघाभर पाण्यात उभी होती. कमरेवर घमेलं, घमेल्यात युरिया. कर्दळींच्या बुडाशी मूठ मूठ टाकत होती.

"आरं, लई पिवळी पडलीत. मला बघवंना," ती हसून म्हणाली.

पिवळं पान दिसलं की युरिया, हे आमच्या सगळ्यांच्याच अंगात भिनलेलं. ती माझ्याच कर्दळी जगवायला बघत होती. पण मेंढपाळासमोर माझं हसं झालं, हे मला झोंबलं. "अक्कल गहाण टाकलीय का? मेंढरं मारायचीत त्याची?" मी ओरडलो. आई भिजलेलं लुगडं सावरत बाहेर आली. मेंढपाळ खाली बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या भाऊ, त्यांना कुठं म्हाईत व्हतं." आणि मेंढरं वळवून ओढ्याकडे निघून गेला.

थोड्या दिवसांनी आमचा कांदा पिवळा पडला. युरियाचं पोतं बांधावर मीच आणून टाकलं आणि पाण्याची चारी वावरात वळवली. आई घमेलं भरून वाफ्याच्या तोंडाशी उभीच राहिली. टाकेना.

"काय झालं?"

"न्हाई, इचारते आपली. ह्ये पाणी बी खाली तळ्यातच जातं ना रं? मग टाकू का नको?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरोखर भीती वाटत होती, पुन्हा काही चुकेल आणि मी चारचौघांत ओरडेन याची. माझ्या पायाशी चारी वाहत होती. खाली कर्दळी दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडून मेंढपाळ मेंढरं घेऊन ओढ्याकडे चालला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कांदा तर जगवायचा होता.

"टाक," मी म्हणालो. तिच्याकडे बघायचं धाडस मात्र झालं नाही.