साक्षीदार दगड

करवतकाकांची बत्तीस वर्षं प्रयोगशाळेच्या तळघरात दगड कापण्यात गेली. आकाशातून पडलेला दगड हाती आला की त्यांचा नेम ठरलेला. आधी भट्टीत भाजून घेतलेला साधा दगड त्याच पात्यावर कापायचा. त्याला ते साक्षीदार म्हणत. त्यात तेलकट रेणू सापडले तर घाण आपल्या खोलीतली. नाही सापडले तर उल्केत जे आहे ते तिचं स्वतःचं.

या खेपेला साक्षीदार स्वच्छ निघाला. उल्केत मात्र काळ्या, चिकणमातीसारख्या खनिजात कार्बनचे तसलेच तेलकट रेणू गच्च बसलेले दिसले, आणि शेजारच्या चकचकीत कणांत एकही नाही. संशोधक बाई हरखून गेल्या. "काका, शुक्रवारी लेख पाठवतेय," त्या म्हणाल्या.

काकांना उल्का कापली तो दिवस आठवला. साक्षीदार कापून झाल्यावर मनगट ठणकायला लागलं होतं. बायकोने खिशात घातलेली मलमाची डबी त्यांनी उघडली, मलम चोळलं, आणि त्याच बोटांनी हातमोजे चढवून उल्का कापली. बत्तीस वर्षांत एकदा.

तीन दिवसांनी त्यांनी बायकोला सांगितलं.

"सांगून टाका," बायको म्हणाली.

"घरी बसवतील."

"मग बसा. असं भीतभीत किती दिवस कापणार आहात?"

शुक्रवारी सकाळी त्यांनी डबी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लेखाचे कागद खणात ठेवून दिले. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं, असं काकांना झालं.

"उरलेला तुकडा एकदाच कापता येईल एवढा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हीच कापा. साक्षीदार एक आधी, एक नंतर."

मनगट ठणकत होतं. पातं जरा घसरलं असतं तर हातात नुसता भुगा आला असता. काकांनी श्वास रोखून कापलं.

आठ दिवसांनी बाई तळघरात उतरल्या. "रेणू आहेत. मातीतच. दोन्ही साक्षीदार स्वच्छ."

काका स्टुलावर बसले. "आणि पहिल्या तुकड्यात?"

"तिथे तुमचं मलमही मातीतच जाऊन बसलंय. ही माती आपलं-परकं बघत नाही, काका. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

बाई हसून वर गेल्या. नोकरी वाचली होती, पण काका स्टुलावरून उठले नाहीत. समोरच्या कपाटात त्यांनी आजवर कापलेले तुकडे ओळीने मांडलेले होते. साक्षीदार कापून झाल्यावर हात कुठेकुठे लागला होता, हे त्यातल्या एकाबद्दलही त्यांना आठवेना. बत्तीस वर्षांत एकदाच, हे त्यांनी कालपर्यंत छातीवर हात ठेवून सांगितलं असतं.