फ्रीजवरची चिठ्ठी

तीस वर्षं आमचे हे दिवसा हॉस्पिटलात डॉक्टर आणि मी रात्रपाळीची नर्स. विलायतेत, पिनरच्या घरातला आमचा संसार फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला. ‘वरण केलंय.’ ‘धाकटीला ताप आहे.’

दोघंही रिटायर झालो, तेव्हा मुलींनी हट्टाने भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर पाठवलं. दहा दिवस, एकच केबिन. जेवायला बसलो की आम्ही मेन्यूकार्ड परीक्षा असल्यासारखं वाचायचो. अथेन्सला देवळाचे ते प्रचंड खांब पाहूनही हे एवढंच म्हणाले, “ऊन फार आहे.”

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले, तर केबिनमधल्या चिमुकल्या फ्रीजवर चिठ्ठी. ‘डेकवर आहे. नाश्त्याला थांबू नकोस.’ माझं डोकंच फिरलं. बाथरूमचं दार चार पावलांवर होतं, हाक मारायला काय झालं होतं?

चिठ्ठी घेऊन तणतणत वर गेले. काचेच्या दारातून हे दिसले. कुणा अनोळखी गोऱ्या म्हाताऱ्याला हवेत हातांनी तेच खांब उभे करून दाखवत होते. भरभरून बोलत होते, हसत होते.

मी तशीच खाली आले. चिठ्ठीखाली ‘बरं’ लिहिलं आणि ती होती तिथे ठेवून दिली.