टाके सुकेपर्यंत

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीच्या थंडीत बाबा गेले. छातीत पाणी झालं होतं. मी नांदेडच्या शाळेत शिकवायची. आई एकटी पडली म्हणून रजा टाकून लातूरला घरी येऊन राहिले होते.

आमच्या अंगणात एक कबरी मांजर यायची. पाळलेली म्हणता येत नव्हती. माणूस दिसला की भिंतीवर चढायची, हात पुढे केला की फिस्कारायची. फक्त बाबांच्या हातून खायची. ते अंगणातल्या खाटेवर बसून दुधात पोळी कुस्करायचे आणि वाटी पायाशी ठेवून दुसरीकडे बघत बसायचे. आई तेव्हा चिडायची. "माणसाला प्यायला पाणी न्हाई अन् तुमी मांजरीला दूध पाजून राहिलात."

बाबा गेल्यावरही ती येत राहिली. दुपार कलली की भिंतीवरून उतरायची, रिकाम्या खाटेसमोर बसायची आणि कुणी जवळ गेलं की पळायची. मार्चमध्ये ती व्याली, शेजाऱ्यांच्या पत्र्याखाली. पत्रा इतका तापायचा की हात लावता येत नव्हता. तिला दूध आलंच नाही. पिल्लं एकेक करून गेली. शेवटचं पिल्लू तिनं तोंडात धरून आणलं आणि खाटेखाली ठेवलं. ते आधीच मेलेलं होतं. आईनं ते जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून लिंबाखाली पुरलं. मांजर भिंतीवरून बघत होती.

त्या दिवशी आई मला म्हणाली, "हिचं आपरेशन करून टाकू. दरसाली हेच. किती सोसावं तिनं?"

मला नवल वाटलं. बाबा गेल्यापासून आई आपणहून काही बोलत नव्हती. विचारलं तर हाव, नाहीतर न्हाई. भेटायला येणाऱ्या बाया तिला रडवायचा प्रयत्न करायच्या. ती त्यांना चहा करून द्यायची.

मांजरीला आम्ही कोंबड्यांच्या डालग्याखाली धरलं. माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले. रिक्षात ती इतकी ओरडली की रिक्षावाल्यानं दोनदा वळून पाहिलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी बजावलं, "टाके सुकेपर्यंत बाहेर सोडायची नाही. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, आणि तिला चाटू द्यायचं नाही."

घरात दार लावून ठेवता येईल अशी कोरडी जागा एकच होती, न्हाणी. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. आम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोठ्या टोपात उभं राहून अंघोळ करायचो आणि तेच पाणी संडासला वापरायचो. न्हाणीची फरशी कित्येक आठवड्यांत भिजली नव्हती. तिथं पोतं अंथरून मांजरीला ठेवलं. ती रिकाम्या पिंपामागं शिरली आणि तिथून हलेना. दूध तसंच राहायचं, नासायचं. मग तिनं पोटाचा एक टाका दातांनी ओढून काढला. पोत्यावर रक्त दिसलं तशी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"गळ्यात रुंद पट्टा घालायला हवा, म्हणजे तोंड टाक्यांपर्यंत पोचणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडचे संपलेत. जाड प्लास्टिक असेल तर कापून गोल करा. जुना एक्सरे असला तरी चालेल."

मी फोन ठेवला. एक्सरे घरात होते. बाबांच्या दवाखान्याची पिशवी कपाटावर होती आणि आई तिला कुणाला हात लावू देत नव्हती. धूळ झटकायलाही नाही.

"काय म्हनल्या बाई?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

तिनं कपाटाकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं, पिशवी स्वतः खाली काढली. त्यातला एक एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला. बाबांच्या फासळ्या पांढऱ्या दिसत होत्या आणि एका बाजूला तो धुरकट भाग. आईनं कात्री मागितली.

"आई, मी दुकानातून दुसरं काही आणते."

"कशाला? त्याला आता कोन बघनार हाय?"

तिनं तो पंख्यासारखा गोल कापला, कडेला ब्लाउजपिसाची पट्टी शिवली, भोकं पाडून नाडी ओवली. मी मांजरीला टॉवेलात घट्ट धरलं आणि आईनं पट्टा बांधला. आईच्या बोटाला दात लागले. तिनं हात मागं घेतला नाही.

त्यानंतर आई रोज न्हाणीच्या दारात पाट टाकून बसू लागली. औषध दुधात कालवून वाटी आत सरकवायची आणि बाबांसारखी दुसरीकडे बघत बसायची. एका दुपारी मी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होते, तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. ती मांजरीशी बोलत होती.

"जिल्हा नवा झाला तवा आलो आमी हितं. कंधारहून. त्यायला नव्या कचेरीत नोकरी लागली. हे घर बांधलं तवा हिरीत हात घातला की पानी लागायचं. तुला खोटं वाटंल." तिनं पाट थोडा पुढं सरकवला. "रोज येऊन बघतीस तू. पन ते न्हाईत आता, बाई. मेले ते. मीच तोंडात पानी घातलं त्यायच्या."

आतून वाटी चाटल्याचा आवाज आला. मी निवडलेल्या ज्वारीत हात घालून तशीच बसून राहिले. आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

टाके काढले त्या दिवशी आईनं पट्टा सोडला आणि न्हाणीचं दार उघडलं. मांजर उंबऱ्यावर क्षणभर थांबली, मग अंगणातून धावत भिंतीपलीकडे गेली. संध्याकाळी आईनं दूधपोळी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मुंग्यांनी भरलेली सापडली.

पुढं शेजारीण सांगत आली की मांजर टँकरनं भरतात त्या टाकीपाशी असते, तिथं गळणाऱ्या पाण्यावर. आई भर उन्हात वाटी घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. मांजर टाकीच्या सावलीत बसली होती. पोटावरचे केस परत आले होते. आई खाली वाकली, वाटी पुढं सरकवली, मान वळवून बसली. मांजरीनं एकदा पाहिलं आणि टाकीच्या मागं निघून गेली.

"वळखलं न्हाई तिनं," आई म्हणाली.

"घाबरली असेल. आपणच धरून नेलं होतं तिला."

"बरी हाय पन. भरली हाय अंगानं."

घरी येऊन ती खाटेवर बसली, बाबांच्या जागी, आणि रडायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. समजावलं नाही.

मांजर पुढचे दोन उन्हाळे त्या टाकीच्या आसपास दिसायची. पिल्लं पुन्हा झाली नाहीत. आमच्या अंगणात मात्र ती परत कधी आली नाही.