आबा, एका खोलीचा मान आणि माझं कॉलेज

माझ्या आजोबांनी माझं शिक्षण बुडवलं म्हणे.

आज आबांचं वर्षश्राद्ध. पंगतीत बसून, त्यांच्याच नावाचं जेवताना, काका सगळ्यांसमोर बोलले.
"पोरगं चांगलं शिकत होतं. म्हातारा तिथे गेला नि हात धरून घरी घेऊन आला."

मी गप्प बसलो. त्याचाच राग येतोय.
म्हणून इथे लिहितोय. नीट, क्रमाने. पूर्ण वाचा, मग बोला.

साठ-एकसष्टचं साल. आबांच्या वडिलांची बदली जयपूरहून नागपूरला झाली. आबा इथेच जयपुरात राहिले, कॉलेजच्या हॉस्टेलवर. एका खोलीत चौघं. भांडणं, कॅरम, एकमेकांचे लाडू चोरणं.
त्या वर्षी आबा पहिले आले.

बक्षीस काय? वरच्या मजल्यावरची स्वतंत्र खोली.
तिथे इतर मुलांना बंदी. ताटसुद्धा खोलीत यायचं. अव्वल मुलाचा वेळ वाया जायला नको ना!

कॉमन रूममध्ये गेले तर मुलंच म्हणायची, "जा भाई, ऊपर जा. तेरे चक्कर में हमें डाँट पड़ेगी."

राहिला अंगणातला नळ. तिथे सगळे कपडे धुवायला जमायचे.
आबा तिथे जायला लागले. सकाळी धुतलेला शर्ट दुपारी पुन्हा धुवायचे.

जयपूरजवळच्या चाकसू गावचे भंवरजी त्यांचे जुने रूममेट. ते एकदा ओरडले, "अरे मास्टर, ये कमीज़ तो सुबह भी धोई थी तूने! घिस के रूमाल बनाएगा क्या?"
सगळे हसले. आबाही हसले. आणि हसता हसता रडायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉर्डनकडे जुनी खोली परत मागितली.
वॉर्डन म्हणाले, "लोग इस कमरे को तरसते हैं. कमज़ोर मत बनो."

नागपूरहून वडिलांचं पत्र आलं. मान मिळाला आहे, तो सांभाळ.

कसला मान? एकोणीस वर्षांच्या मुलाला माणसांतून उठवायचं आणि त्याला मान म्हणायचं?

परीक्षेत आबांनी फक्त रोल नंबर लिहिला आणि बाहेर आले.
भंवरजी त्यांना थेट आपल्या घरी चाकसूला घेऊन गेले. महिनाभर घरच्यांच्या रांगेत झोपवलं, जेवू घातलं. आबा वाचले. पण कॉलेजने नाव कमी केलं. शेरा होता: स्वभाव दुर्बल.

हा शेरा आमच्या घराने साठ वर्षं खरा मानला.

आता माझं.
कॉलेजसाठी बाबांनी मला जयपुरातच, गोपालपुऱ्यातल्या एका खासगी हॉस्टेलवर ठेवलं. खातीपुऱ्याच्या आमच्या घरी अभ्यास होत नाही म्हणून. "सिंगल रूम आहे, एसी आहे, डिस्टर्बन्स नाही."
खाली सगळ्यांना एकत्र बसायला एक हॉल होता. मालकाने पार्टिशन टाकून त्याच्या केबिन केल्या. कॉरिडॉरमध्ये बोललं की दंड.

परीक्षेआधीच्या सुट्टीत एका रविवारी आबा डबा घेऊन आले. काहीतरी विचारलं. मी उत्तर द्यायला गेलो तर आवाजच फुटेना.

"किती दिवसांनी बोलतोयस रे?"
मी मोजून सांगितलं. "नऊ."
"बॅग कुठंय?"

फी भरली होती. परीक्षा जवळ होती. बाबांचे फोनवर फोन येत होते. आबा माझ्या चादरीच्या घड्या घालत होते.

बसमध्ये त्यांनी शर्टाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मला हसू आलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला न्यायला भंवर आला. तुझ्याकडे कोण येणार होतं?"

काका, त्या नऊ दिवसांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आबांनीही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं.

माझ्याकडे डिग्री नाही, हे खरं आहे.
मी आहे, हेही खरं आहे.

ही पोस्ट फॅमिली ग्रुपवरही टाकतोय. डिलीट करणार नाही.

आबा, पंगतीत गप्प बसलो, माफ करा.
तुमचा स्वभाव दुर्बल नव्हता.
नमस्कार करतो.